शनिवारची बस

माझं नाव लालासाहेब गुरव. नावात साहेब आहे, माझ्यात कधी नव्हता. कराडच्या एका वाचनालयात मी नोकरीभर ‘शांतता राखा’ या पाटीच्या बरोबर खाली बसून पुस्तकं दिली-घेतली. त्या पाटीचा वाचकांवर किती परिणाम झाला ते सांगता येणार नाही, माझ्यावर मात्र पुरता झाला. माझा आवाज शेजारच्या खुर्चीपलीकडे जात नाही. घरात बायकोला हाक मारली तर शालू म्हणते, “आवं, मनातल्या मनात काय बोलताय? भाईर बोला.”

निवृत्त झाल्यावर आम्ही गावी राहायला आलो. गाव उंब्रजपासून थोडं आत आहे. फौजेतून परतलेली मंडळी पारावर बसून मोठ्यानं बोलत असतात आणि मी त्यांच्या कडेकडेनं घरी जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या प्रियदर्शनी मॅडम एकदा घरी आल्या आणि म्हणाल्या, “काका, शनिवारी मुलांना दप्तर नसतं. पहिली-दुसरीला तुम्ही पुस्तकं वाचून दाखवाल का?” तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मग त्या कोपऱ्यावर वळायच्या आत चपला घालून मागे गेलो आणि हो म्हणालो. पळत गेल्यामुळे धाप लागली होती. त्यांना वाटलं, काहीतरी वाईट घडलं.

वर्षभर तो शनिवारचा तास माझा होता. मी मुलांची पुस्तकं गोळा केली. सवयीप्रमाणे प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि वर शाईनं नाव लिहिलं. वाचताना मी प्रत्येक शब्द छापल्याप्रमाणे वाचत असे, लेखकानं जिथे थांबायला सांगितलं आहे तिथे थांबत असे. मुलं अगदी गप्प बसत. मला वाटे, रंगून गेली आहेत.

मग दिलावर शिकलगार आला.

तोंडावर मी त्याला दिलावरभाई म्हणतो, मनात अरे-तुरे करतो. इथे मनातलंच लिहितो आहे. दिलावर एसटीत कंडक्टर होता. कराड-सांगली गाडीवर त्यानं उमेदीची वर्षं काढली. भरलेल्या गाडीत दारापासून शेवटच्या शिटापर्यंत जाणारा आवाज त्याच्याकडे आहे, आणि निवृत्तीनंतरही तो त्यानं जमा केलेला नाही. त्याची नात मुबश्शिरा दुसरीत. एका शनिवारी तो तिला शाळेत सोडायला आला आणि दाराशी उभा राहून माझं वाचन ऐकू लागला. वाचून झाल्यावर म्हणाला, “लालासाब, लय भारी वाचता. पर मागच्या शिटावर कायबी पोचत न्हाई.”

मॅडम हसल्या. त्या हसल्या हे मी अजून विसरलेलो नाही.

“मीबी एखादा शनवार वाचू का मॅडम? घरात बसून हाडं धरल्यात.”

मॅडमनी आनंदानं ठरवलं की एक शनिवार मी, एक शनिवार दिलावर. पुस्तकं अर्थात माझीच. पण त्यानं पहिल्या दिवशी माझी खाकी कव्हरं काढून ठेवली. “चित्रं झाकून ठेवायची म्हंजे पोरांनी बघायचं काय?” असं म्हणाला. मी नंतर ती कव्हरं घरी नेऊन घड्या घालून ठेवली. पुन्हा घालायचा धीर झाला नाही.

त्याच्या पहिल्या शनिवारी मला घरी बसवेना. एक पुस्तक द्यायचं राहिलं अशी सबब काढून मी शाळेत गेलो. व्हरांड्यातून पाहिलं तर मुलं सतरंजीवर दोघं-दोघं जोडीनं, एकामागे एक बसली होती. मधे जायला वाट सोडली होती.

“पुढं सरका, पुढं सरका! दारात कोण लोंबकळतंय? जयराज, आत ये रं. पडलास तर तुजी आई मला धरंल.”

“चाचा, मला गाडी लागती. मला खिडकीला बसवा,” एक मुलगी म्हणाली. खिडकी कुठे होती? तरी शेजारची पोरगी मुकाट्यानं सरकली.

“तिकीट, तिकीट! कुठं जायचं?”

“गोष्टीला!” सगळी ओरडली.

दिलावरनं रद्दी पेपरचे कपटे फाडून वाटले. नखानं प्रत्येकावर खूण केली. मग पुस्तक उघडलं आणि मुलांनी एका आवाजात डबल बेल दिली, “टिंग टिंग!” पान उलटायचं झालं की “टिंग टिंग”. कुणाला काही विचारायचं असेल तर एकदाच “टिंग”, की गाडी थांबली. मागच्या शिटावरची पोरं खड्डा आला म्हणून उडत होती. पुस्तकात कुठेही खड्डा नव्हता.

मी सबबीचं पुस्तक खिशात तसंच घेऊन घरी आलो.

पुढचा शनिवार माझा होता. मी खुर्चीवर बसलो, चष्मा पुसला. क्रांती नावाची एक धीट पोरगी आहे, तिनं विचारलं, “आजोबा, आज बस न्हाई व्हय?”

“आज पुस्तक आहे,” मी म्हणालो.

“मंग बस कवा?”

“पुढच्या शनिवारी.”

“बरं,” ती म्हणाली आणि गप्प बसली. सगळीच गप्प बसली. त्या दिवशी मी वाचता वाचता पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. जयराज झोपला होता. दुसरा एक जण त्याच्या कानात सतरंजीचा दोरा घालत होता. बाकीची मुलं माझ्याकडे पाहत होती, पण आपण पाऊस थांबायची वाट पाहतो तशी. वर्षभर मी ज्याला रंगून जाणं समजत होतो ते हे होतं. मी पुस्तकात मान घातली आणि शेवटपर्यंत काढली नाही.

घरी मी प्रयत्न केला नाही असं नाही. न्हाणीघराचं दार लावून मी म्हणून पाहिलं, “पुढं सरका.” पुन्हा जरा जोरात म्हटलं. बाहेरून शालूचा आवाज आला, “कुनाला सरकाय सांगताय? एकटंच हाय न्हवं आत?”

जेवताना तिनं विचारलंच, “त्या दिलावरभाईंचं एवढं का मनाला लावून घ्येताय? पोरं हसत्यात, हसू दे की.”

“हसण्याचं काही नाही गं. पण वाचन म्हणजे वाचन. लेखकानं लिहिलेले शब्द मुलांच्या कानावर पडायला नकोत का?”

“लेखकाचं सोडा. तुमचं काय दुखतंय ते सांगा.”

मी ताक मागितलं.

दुखणं सांगण्यासारखं नव्हतं. सत्तरीच्या माणसानं सहा-सात वर्षांच्या पोरांच्या प्रेमासाठी झुरावं, आणि तेही एका कंडक्टरशी स्पर्धा करत. पारावर तो दिसला की मी दुसऱ्या बोळातून जाऊ लागलो. दुकानात कुणी म्हणालं, “दिलावरचाचानं पोरांना येड लावलंय,” की मला साखर घ्यायची होती की चहापूड ते आठवेनासं होई.

तो पुढच्या वेळी वाचणार होता ते खारीचं पुस्तक मला तोंडपाठ होतं. वाचनालयात असताना मी ते नव्यानं आलेलं पाहिलं होतं आणि नंतर विकत घेतलं होतं. एक खार हरवते, झाडाझाडाला विचारत संध्याकाळपर्यंत आपल्या ढोलीत परत येते, एवढीच गोष्ट. त्या शनिवारी मी उघडच वर्गात जाऊन मागे भिंतीशी बसलो. ऐकायला आलोय म्हटल्यावर दिलावर खूष झाला. “आज मोठं पाशिंजर हाय गाडीत. सांभाळून हाकाय पायजे.”

गोष्ट सुरू झाली. खार हरवली इथवर ठीक होतं. मग ती कासेगावच्या थांब्यावर आली. तिनं कराड-सांगली गाडीला हात केला. पेठनाक्याला तिनं भेळ खाल्ली, आष्ट्याला तिला मावशी भेटली. सांगलीच्या स्टँडवर तिचं गाठोडं चोरीला गेलं तेव्हा मुबश्शिराच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

पुस्तकात सांगली नव्हती. भेळ नव्हती. मावशी नव्हती.

मी दिलावरच्या बोटाकडे पाहिलं. बोट ओळीवरून सरकत होतं, पण ओळ संपल्यावरही कोऱ्या कागदावर तसंच पुढे जात होतं. चित्र बघताना तो मान तिरकी करून पुस्तक डोळ्यांच्या कडेला नेत होता. मग उजेडात त्याचा चेहरा वळला आणि मला दिसलं, दोन्ही बुबुळांवर सायीसारखं धुकं आलेलं. हा माणूस एक अक्षरही वाचत नव्हता. रंगाच्या डागांवरून खार आहे की ससा एवढं ओळखत होता आणि बाकी गाडी अंदाजानं हाकत होता.

मला आनंद झाला. दुसऱ्याचा मोतीबिंदू पाहून आनंद होतो हे मला त्या दिवशी समजलं. घरी जाताना मी पारासमोरून गेलो आणि फौजी मंडळींना नमस्कारही केला.

त्याच आठवड्यात मॅडमनी मला थांबवलं. त्या बोलायच्या आधी पदराशी चाळा करू लागल्या तेव्हाच मी समजलो.

“काका, दिवाळीनंतर शनिवारी दुसरे उपक्रम आलेत. वाचनाला महिन्यातून दोनच तास राहतील. दोघांना वाटून देण्यात अर्थ नाही. मुलं तर...” त्या थांबल्या. “पण तुम्ही आधीपासून येताय. या शनिवारी दोघंही या. अर्धा तास तुम्ही, अर्धा तास चाचा. मग ठरवू.”

ठरलेलंच होतं. त्या भल्या बाई आहेत म्हणून मला परीक्षेला बसवत होत्या. त्या तासावाचून माझ्या आठवड्यात दुसरं काय होतं? वर्तमानपत्र आणि शालूची डाळ निवडणं. मी घरी येऊन पुस्तकांची पेटी उघडली आणि तळातून एक पुस्तक काढलं. डोंगरावरच्या एका धनगराची गोष्ट होती. छान होती. चित्र एकही नव्हतं. मी त्याला नवं खाकी कव्हर घातलं आणि मुद्दाम वर नाव लिहिलं नाही.

शनिवारी आधी मी वाचलं. कसं वाचलं ते सांगत नाही. मग दिलावर उठला आणि मी पुस्तक त्याच्या हातात दिलं.

“आज हे वाचा दिलावरभाई. मुलांना नुसती चित्रांची सवय लागायला नको.”

मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या. मुलं सरसावून जोडीजोडीनं बसली. तिकिटं झाली, डबल बेल झाली. दिलावरनं पुस्तक उघडलं. पान मान तिरकी करून पाहिलं. दुसरं पाहिलं. सगळीकडे नुसत्या काळ्या मुंग्या. मी भिंतीशी बसून गुडघे घट्ट धरले होते. आता तो म्हणेल चष्मा विसरला, मग मी उठेन, म्हणेन, द्या इकडे, मी वाचतो.

दिलावरनं पुस्तक खाली ठेवलं. तोंडानं मोठा आवाज काढला, “खर्रर्र... फुस्स्!”

मुलं दचकली.

“गाडी बंद पडली रं!”

“आता?” जयराज ओरडला.

“आता काय? उतरा समदी! धक्का मारल्याबिगार हालायची न्हाई ही. एकेकानं यायचं, एकेक शबूद ढकलायचा. मुबश्शिरा, तू हो म्होरं.”

आणि ती मुलं, जी माझ्या तासाला दोरे काढत बसायची, ती पुस्तकाभोवती गर्दी करून उभी राहिली. मुबश्शिरानं बोट ठेवलं, “ए-का.” “लावा जोर!” दिलावर म्हणाला. दुसरा आला, “डों-ग-रा-व-र.” “हालली, हालली!” तिसरी आली, “ए-क.” मागून पोरं एकमेकांच्या पाठीला हात लावून खरोखर ढकलत होती. मॅडम खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून माझा निकाल मला कळला. मी जो खड्डा खणला होता त्यातून त्यानं गाडी काढली होती, आणि वरून पोरांना वाचायला लावलं होतं. वर्षभरात मला ते एकदाही सुचलं नव्हतं.

पुढचा शब्द क्रांतीकडे आला. ती अडली. “वू... वृ... द...” दुसऱ्यानं पाहिलं, तोही अडला. जयराजनं पाहिलं आणि “ह्यो शबूदच न्हाई” असा निकाल दिला.

दिलावरनं हात वर केला. “थांबा. इंजनातच बिघाड हाय. ह्ये आपल्यानं व्हायचं न्हाई. मेकॅनिक बोलवा.”

“कुठं हाय मेकॅनिक?”

“त्यो काय, भिताडाला टेकून बसलाय. असली गाडी त्येनंच आणलीया, त्येलाच ठावं असनार.”

मुलं माझ्याकडे धावली. चार-पाच जणांनी हात धरले, एकानं सदरा धरला. मी उठलो. दुसरं काय करणार? गर्दीच्या मधे नेऊन त्यांनी मला बसवलं आणि क्रांतीनं त्या शब्दावर बोट आपटलं.

“वृद्ध,” मी म्हणालो.

“आँ?”

माझा आवाज नेहमीचाच होता. पण गाडी बंद असल्यामुळे सगळी माझ्या अंगावर झुकली होती, कान जवळ आले होते. मी पुन्हा म्हणालो, “वृद्ध. म्हणजे म्हातारा.”

“मंग म्हातारा का न्हाई लिवलं?” क्रांतीनं विचारलं.

मला हसू आलं. “लेखक मला भेटला की विचारतो.”

“आजोबा, तुमी वृद्ध हाय?”

“आहे.”

“चाचाबी?”

“ते माझ्याहून जास्त,” मी म्हणालो. पोरं हसली. माझ्या बोलण्याला पोरं हसल्याची ती पहिली वेळ. दिलावर सगळ्यांत मोठ्यानं हसला, आणि तेही मला खुपलं. “झाली दुरुस्त! टिंग टिंग!” त्यानं आरोळी दिली आणि गर्दी पुन्हा त्याच्याकडे वळली.

शाळा सुटल्यावर तो माझ्याबरोबर चालत निघाला. फाटकाची पायरी त्यानं पायानं चाचपून पाहिली.

“ते पुस्तक मुद्दाम दिलं न्हवं लालासाब?”

मी मागे वळून फाटक लावलं.

“बिगरतिकिटाचं माणूस मला चालीवरनं कळतं. सकाळी तुमची चाल तशीच हुती.”

“राग आला असेल.”

“राग कशाचा? माज्या डोळ्याचं घरात कुनाला ठावं न्हाई. पोराला कळलं तर मिरजंला न्हेऊन टाकंल, आन् मला त्या आपरेशनचं लय भ्याव वाटतं. तुमाला कसं कळलं?”

“बोट ओळीबाहेर जात होतं.”

तो रस्त्यातच थांबला. “एवढं बारीक बघत हुता माज्याकडं? गड्या, माज्या बायकूनं बी कवा बघितलं न्हाई.”

आणि पुन्हा हसायला लागला. त्याला राग आला असता तर मला फार बरं वाटलं असतं. निदान त्यात तरी आमची बरोबरी झाली असती.

मॅडमनी तास त्याला दिला. “पण मेकॅनिकशिवाय गाडी सोडणार नाही म्हणतात चाचा,” असंही म्हणाल्या. शालूला सांगितलं तर ती म्हणाली, “मंग काय? फुकटचा पास मिळाला. जावा की.” मी दोन दिवस तोंड पाडून बसलो आणि शनिवारी गेलो.

आता महिन्यातून दोनदा मी सतरंजीच्या कडेला बसतो. बस चालते तेव्हा मी कुणी नसतो. ती बंद पडली की पोरं माझ्याकडे पळत येतात, पाठीवर रेलतात, कानाशी तोंड आणून विचारतात आणि उत्तर ऐकायला आपला कान माझ्या तोंडाशी आणतात. तेवढ्यापुरती ती माझी असतात. म्हणून पुस्तकं निवडताना मी अवघड शब्द बघून निवडू लागलो. जितके अवघड शब्द, तितक्या वेळा गाडी बंद. हे मुलांच्या शिक्षणासाठी आहे असं मी मॅडमना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

शेवटी दिलावरच्या मुलाला कळलंच. हिवाळ्यात मिरजेला त्याच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तो नसताना बस बंद होती. मुलांनी मला विचारलं, मेकॅनिकला गाडी चालवता येत नाही का? मी नाही म्हणालो. ते खरं होतं. परत आल्यावर त्यानं पारावर बसून समोरून गेलेल्या एसटीची पाटी मोठ्यानं वाचली, टेम्पोवरची जाहिरात वाचली, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवली. आता त्याला सगळं दिसत होतं. मला वाटलं, संपलं. आता गाडी कशाला बंद पडेल?

पण ती पडत राहिली. दर पानाला पडत राहिली. मी बारकाईनं पाहू लागलो. त्याचं बोट आता ओळीवर नीट चालतं, ओळ संपली की थांबतं. तरी एखाद्या शब्दापाशी तो डोळे बारीक करतो, तोंडानं खर्रर्र करतो आणि म्हणतो, “बोलवा मेकॅनिक!” त्याला खरंच अडतं की तो माझ्यासाठी अडवतो, हे मला कळेना. कळेना म्हणून झोप येईना. आवाज त्याच्याकडे, पोरं त्याच्याकडे, गोष्टी त्याच्याकडे. त्यातून हा चांगुलपणाही त्याच्याचकडे असावा, हे फारच झालं.

परवाच्या शनिवारी मी पेटीतलं सगळ्यांत सोपं पुस्तक नेलं. पहिलीतलं पोर सहज वाचेल असं, मोठ्या टायपातलं, पानावर दोनच ओळी. मी ते त्याच्या हातात दिलं आणि कडेला जाऊन बसलो. तिकिटं झाली. “टिंग टिंग” झालं.

दुसऱ्याच ओळीवर गाडी बंद पडली. मुलं हसत, ओरडत माझ्याकडे पळत आली आणि मला ओढत घेऊन गेली. क्रांतीनं शब्दावर बोट ठेवलं.

बदक. वर पानभर बदकाचं चित्र होतं.

दिलावर दुसरीकडे बघत कान खाजवत होता. पोरं कान पुढे करून माझ्यावर रेलून उभी होती. त्यांच्यातल्या प्रत्येकाला तो शब्द येत होता.

मी चष्मा पुसला. जरा वेळ लावला. मग म्हणालो, “बघू, काय बिघडलंय ते.”